पंडिता रमाबाई आणि त्यांच्या भाषा

पंडिता रमाबाईंचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा मनुष्य आमच्या मंडळ्यांत क्वचितच सांपडेल. विधवांसाठीं व अनाथांसाठीं त्यांनीं केलेलें कार्य पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्या भाषा कशा शिकल्या व दुसऱ्यांस कशा शिकवीत गेल्या, हें फारसें कोणी सांगत नाहीं. ज्या घरांत मूल नुकतेंच बोलूं लागलें आहे, किंवा ज्या गांवांत प्रौढ माणसें अक्षरें गिरवूं लागलीं आहेत, तेथें ही हकीकत उपयोगी पडेल असें वाटून आम्ही ती येथें देत आहों.

हिचें मूळ पुण्यांतच आहे. पेशवाईच्या अखेरीस रामचंद्रशास्त्री साठे हे दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यांत त्याच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. त्यांचे तरुण शिष्य अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं त्या बाईंस श्लोक म्हणतांना ऐकिलें, आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावें असा मनाशीं निश्चय केला. त्या काळीं स्त्रियांनीं संस्कृत शिकणें निषिद्ध मानीत. अनंतशास्त्र्यांस घरांतून व बाहेरून विरोध झाला. तरी त्यांनीं आपली दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविलेंच, आणि पुढें कर्नाटकांतील गंगामूळच्या अरण्यांत बिऱ्हाड केलें. तेथें २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला.

रमाबाई अगदीं तान्ह्या असतांनाच हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. मुलांस शाळा नव्हती, आणि एका गांवीं फार दिवस मुक्कामही नव्हता. वडील वृद्ध झाले होते, म्हणून मुलीस शिकविण्याचें काम आईनें पत्करिलें. घरकाम सुरू होण्यापूर्वीं पहाटे ती मुलीस जागी करी. आई श्लोक म्हणे व मुलगी तिच्या मागून म्हणे. ह्या रीतीनें वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास भागवताचे अठरा हजार श्लोक त्या मुलीस मुखोद्गत झाले. मराठीचा मात्र धडा म्हणून कोणी दिला नाहीं. परमुलखांत राहूनही आईबाप मुलांशीं शुद्ध मराठींत बोलत, आणि घरांत मराठी पुस्तकें व वर्तमानपत्रें असत. तेवढ्यानें ती भाषा आली. कानडी, हिंदुस्थानी व बंगाली ह्या भाषा प्रवासांत लोकांच्या तोंडून ऐकूनच त्यांनीं आत्मसात केल्या.

ह्यांत चमत्कार कांहीं नाहीं. मूल जन्मण्यापूर्वींच आईचा आवाज ऐकत असतें व जन्मल्यावर तो ओळखतें, हें शास्त्रज्ञांनीं तपासून पाहिलें आहे. पहिल्या कांहीं महिन्यांत परक्या भाषांतील ध्वनींचे बारीक भेदही त्यास कळतात. वर्षाचें होईपर्यंत त्याचा कान घरच्या भाषेकडे वळतो. व्याकरणाचे नियम त्यास कोणी समजावून देत नाहीं. त्याच्याशीं कोणी तरी बोललें पाहिजे, आणि तें बोलणें त्याच्या डोळ्यांपुढील वस्तूंविषयीं असलें पाहिजे, एवढीच त्याची गरज असते.

१८७४ च्या सुमारास दुष्काळांत रमाबाईंचे आईबाप वारले. त्या आपल्या भावासह पायीं फिरत १८७८ मध्यें कलकत्त्यास पोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांचें संस्कृत ऐकून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० मध्यें भाऊ गेला; त्याच वर्षीं त्यांनीं विवाह केला, आणि १८८२ च्या आरंभीं पतीही गेले. पदरीं मनोरमा ही तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या.

त्या वर्षीं सरकारनें नेमिलेल्या शिक्षण आयोगापुढें त्यांनीं साक्ष दिली. ती मराठींत होती. तिचें इंग्रजी भाषांतर दुसऱ्यांस करावें लागलें. इतक्या भाषा जाणणाऱ्या ह्या विदुषीस राज्यकर्त्यांची भाषा येत नव्हती. मग पुण्यांतच मिस हर्फर्ड ह्यांच्याजवळ त्या इंग्रजी शिकूं लागल्या, आणि १८८३ मध्यें विलायतेस गेल्या. त्या वेळीं त्या पंचवीस वर्षांच्या होत्या व मनोरमा दोन वर्षांची. शिवाय त्यांस कमी ऐकूं येऊं लागलें होतें, आणि त्यामुळें वैद्यकी शिकण्याचा बेत सोडावा लागला. लहानपणीं ज्या कानांनीं सर्व कांहीं मिळविलें, तेच कान आतां साथ देईनात.

प्रौढाची स्थिति मुलाहून निराळी असते. नियम त्यास मुलापेक्षां लवकर समजतात. पण परका उच्चार जिभेवर सहसा पुरता बसत नाहीं, आणि चुकण्याची लाज त्यास अडविते. रमाबाईंनीं ती लाज बाळगिली नाहीं. चेल्टनहॅम येथील विद्यालयांत त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः विद्यार्थिनी होऊन इतर विषय शिकत. १८८७ मध्यें अमेरिकेंत त्यांनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. ज्या भाषेंत पांच वर्षांपूर्वीं साक्ष देतां आली नव्हती, तिच्यांतच त्यांनीं आपल्या भगिनींची बाजू जगापुढें मांडिली.

अमेरिकेंत त्या बालोद्यानाची पद्धति शिकल्या. मुलाच्या हातीं वस्तु द्यावी, त्यास खेळूं द्यावें, गाऊं द्यावें, आणि शब्द त्या खेळाबरोबर यावा, असा तिचा मार्ग आहे. १८८९ मध्यें त्यांनीं मुंबईस शारदासदन काढिलें, व पुढच्या वर्षीं तें पुण्यास आणिलें. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून व १९०० च्या सुमारास गुजराथेंतून त्यांनीं शेंकडों मुली केडगांवच्या मुक्तिसदनांत आणिल्या. कोणी हिंदी बोले, कोणी गुजराथी. एकत्र दळतां, रांधतां, विणतां व शिकतां त्यांचें मराठीशीं नातें जडलें. पुढें ह्या सदनांतील स्त्रियांनीं छापखान्यांत खिळे जुळविण्याचेंही काम केलें.

तो छापखाना बहुतेक एकाच कार्यासाठीं खपत होता. प्रचलित मराठी पवित्र शास्त्राची भाषा खेड्यांतील अशिक्षित बाईस जड जाते, असें रमाबाईंस वाटे. म्हणून उतारवयांत त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि साध्या मराठींत भाषांतर करूं लागल्या. ज्यांच्या जिभेवर अठरा हजार संस्कृत श्लोक होते, त्यांस भारदस्त शब्द घालणें मुळींच अवघड नव्हतें. ते शब्द टाळणें हेंच त्यांचें खरें परिश्रम होतें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या, आणि १९२४ मध्यें संपूर्ण ग्रंथ छापून निघाला. मंडळ्यांत इतर भाषांतरेंच अधिक चाललीं, हें खरें. तथापि ऐकणारीस कळेल असें बोलावें, हा त्या भाषांतरामागील आग्रह आजही खोटा ठरला नाहीं.

उपदेशक बंधूंनो, वर्गांत एखादी वृद्ध बाई अडखळली तर तिच्यावर रागावूं नका. तिला पुनः म्हणूं द्या, आणि जो शब्द ती रोज चुलीपाशीं बोलते तोच प्रथम फळ्यावर लिहा. आणि मातांनो, आपणांस लिहितां येत नाहीं म्हणून मुलांस आपण काय शिकविणार, असें म्हणूं नका. दळतांना, पाणी भरतांना मुलाशीं बोलत जा. रमाबाईंची पहिली पाठशाळा म्हणजे पहाटेच्या अंधारांत ऐकूं येणारा त्यांच्या आईचा आवाज होता.