गुस्ताफ दे लाव्हाल : थरथरीवरचा उतारा

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत प्लेटलेट्सच्या पिशव्यांसाठी नातेवाइकांची धावपळ सुरू होते. या प्लेटलेट्स मिळवण्याची नेहमीची रीत म्हणजे दात्याचं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवणं. जड लाल पेशी खाली बसतात, हलका भाग वर राहतो. फिरवण्याआधी तंत्रज्ञ समोरासमोरच्या कपांचं वजन सारखं करून घेतो. तिथे हयगय झाली तर यंत्र थरथरू लागतं आणि वेगळे झालेले थर पुन्हा मिसळतात.

वेगाने फिरणाऱ्या यंत्राची ही थरथर ज्याने अक्षरशः ओलांडून दाखवली, तो गुस्ताफ दे लाव्हाल. जन्म १८४५चा, स्वीडनमधल्या ओर्सा गावचा. अभियांत्रिकी शिकूनही मनाजोगं काम मिळेना, म्हणून त्याने काही काळ कारकुनी केली. मग उप्साला विद्यापीठात जाऊन १८७२मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे तो क्लोस्टर इथल्या लोखंडाच्या कारखान्यात अभियंता झाला. तिथे असताना एका जर्मन सेपरेटरविषयी त्याच्या वाचनात आलं. त्या यंत्रात दूध फिरवून साय वेगळी होई, पण साय काढायला दर वेळी यंत्र थांबवावं लागे. दे लाव्हालने १८७८मध्ये न थांबता चालणारा सेपरेटर तयार केला. एकीकडून दूध ओतायचं, दोन तोट्यांमधून साय आणि बिनसायीचं दूध घ्यायचं. दूध रात्रभर ठेवून साय वर येण्याची वाट पाहणाऱ्या दुग्धालयांचं कामच बदललं.

सेपरेटरला वेग हवा, म्हणून तो वाफेच्या टर्बाइनकडे वळला. तिथे थरथरीने त्याला गाठलं. कोणतंही चाक पूर्णपणे समतोल नसतं. एखाद्या चाकात मध्यापासून १० सेंटीमीटरवर फक्त १ ग्रॅम वजन जादा आहे असं समजू. मिनिटाला ३,००० फेऱ्या असताना तो ग्रॅम दांड्याला साधारण १ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. दे लाव्हालची छोटी टर्बाइन मिनिटाला ३०,००० फेऱ्या घेत. तिथे हाच ग्रॅम १०० किलोंचा होतो आणि ही ओढ सेकंदाला ५०० वेळा दिशा बदलते. मग बेअरिंग खराब होतात, दांडा वाकतो, चाक फुटलं तर जवळचा माणूस वाचणं कठीण.

यावर सरळ उपाय एकच दिसत होता : दांडा जाड करा, बेअरिंग घट्ट बसवा. पण कितीही तासून घेतलं तरी काही फरक उरतोच, आणि वेग वाढवला की थरथर परत येते. ताप उतरवला म्हणजे मलेरिया बरा झाला असं नाही, तसंच हे. दुखणं नुसत्या असमतोलाचं नव्हतं. प्रत्येक दांड्याला स्वतःची डुलण्याची एक गती असते. फिरण्याचा वेग तिच्याशी जुळला की लहानसा दोषही प्रचंड होतो. या वेगाच्या पलीकडे दांडा स्थिर फिरूच शकणार नाही, असं विल्यम रँकिन या नामवंत स्कॉटिश अभियंत्याने १८६९मध्ये मांडलं होतं.

दे लाव्हालने उलटं केलं. त्याने दांडा बारीक आणि लवचीक घेतला. त्यामुळे तो घातक वेग खूप खाली आला, चाक थरथरत तो चटकन ओलांडून गेलं आणि पुढे शांत झालं. त्या वेगापलीकडे दांडा थोडा वाकून चाकाला स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरू देतो. घरच्या वॉशिंग मशीनमध्ये हे रोज दिसतं. पिळायला सुरुवात झाली की ते हादरतं, पूर्ण वेगाला शांत होतं आणि थांबताना पुन्हा एकदा हादरतं. या वागण्याचं गणित आउगुस्ट फ्योप्पल याने १८९५मध्ये मांडलं. तोवर दे लाव्हालची टर्बाइन विकलीही जात होती.

आज कारखान्यात पंखा किंवा पंप पुन्हा पुन्हा हादरू लागला की तंत्रज्ञ वेग बदलून पाहतो. थरथर वेगाबरोबर चढतच गेली तर असमतोलाचा संशय. एका विशिष्ट वेगाला उसळून पुढे ओसरली तर दांड्याची किंवा पायाची मूळ गती तपासायची. एका फेरीत एकच धक्का असेल तर बहुधा असमतोल, दोन असतील तर जोडलेले दांडे एका रेषेत नसण्याची शक्यता मोठी. समतोल करूनही महिन्याभरात तक्रार परतली तर आधी यंत्र उघडून साचलेला मळ बघावा. सेपरेटरच्या भांड्यातही दुधातला गाळ एका बाजूला साचला की हाच त्रास होतो. बेअरिंग बदलत बसणं हा त्यातला महागडा आणि बहुतेकदा निरुपयोगी उपाय.

पैशाच्या बाबतीत मात्र दे लाव्हालला कुठे थांबायचं ते कळलं नाही. ९२ स्वीडिश पेटंट, ३७ कंपन्या, त्यातल्या बऱ्याच बुडालेल्या. सेपरेटरने मिळवून दिलेलं नव्या प्रयोगांत गेलं. दूध काढण्याच्या यंत्रावरही त्याने खूप खर्च केला, पण ते त्याच्या हयातीत नीट चाललं नाही. १९१३मध्ये स्टॉकहोममध्ये तो वारला तेव्हा हाती फारसं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, तो शिकला त्याच उप्साला विद्यापीठात थिओडोर स्वेडबर्ग याने अल्ट्रासेंट्रिफ्यूज बांधला आणि तो फिरवून रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूचं वजन काढलं. १९२६चं रसायनशास्त्राचं नोबेल स्वेडबर्गला मिळालं. पुढच्या अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये रोटर पेलणारा दांडा बारीक आणि लवचीकच ठेवला गेला.