जिल्ह्याच्या हाती दिलेली सत्ता

दिल्लीतील मराठी अधिकारीवर्गाच्या बोलण्यात यशवंतराव चव्हाण येतात ते बहुधा संरक्षणमंत्री म्हणून. नोव्हेंबर १९६२ मध्ये ते राजधानीत आले आणि पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती त्यांनी सांभाळली. मात्र त्यांचे अधिक टिकाऊ काम मुंबईच्या सचिवालयातील आधीच्या सहा वर्षांचे आहे.

देवराष्ट्रे येथे १९१३ मध्ये जन्मलेले, बेचाळीसच्या चळवळीत साताऱ्यात भूमिगत राहिलेले यशवंतराव १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. राज्य कसले, कच्छपासून विदर्भापर्यंतची मोटच! मराठवाडा हैदराबादमधून आलेला, विदर्भ मध्य प्रदेशातून. महसुली कायदे निरनिराळे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात नेहरूंच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल त्यांना लोकनिंदा सोसावी लागली, आणि ती सर्वस्वी अन्याय्य होती असे म्हणवत नाही. तथापि द्वैभाषिक टिकणार नाही हे दिल्लीश्वरांच्या गळी उतरवण्यात त्यांचाही वाटा होता.

महाराष्ट्र स्थापन होताच त्यांनी महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बलवंतराय मेहता समितीने विकासगटाच्या पातळीवरील पंचायत समितीस महत्त्व दिले होते. नाईक समितीने ते जिल्हा परिषदेस दिले. जिल्हाधिकाऱ्यास परिषदेबाहेर ठेवण्यात आले. महसूल आणि कायदा-सुव्यवस्था त्याच्याकडे राहिली. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, ग्रामीण रस्ते परिषदेकडे गेले. तेथे मुख्य कार्यकारी अधिकारी हा सनदी अधिकारी लोकनियुक्त अध्यक्षाच्या बरोबरीने काम करू लागला. नोकरशाहीला हे पचणे सोपे नव्हते. १ मे १९६२ रोजी ही रचना अमलात आली. त्रिस्तरीय पंचायतीला घटनात्मक स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती त्यानंतर तीस वर्षांनी, १९९२ मध्ये झाली.

कमाल जमीनधारणा कायदा आणि औद्योगिक विकास महामंडळ याच कारकिर्दीतील. एक उणीव मात्र राहिली. परिषदांत सत्ता आली ती बव्हंशी सहकारातील बागायतदार नेतृत्वाच्या हाती, आणि विदर्भ-मराठवाड्याची तक्रार मिटली नाही. दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेषाचे आकडे मांडले ते १९८४ मध्ये. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतरावांचे दिल्लीत निधन झाले.

२०२२ नंतर निवडणुका रखडल्याने राज्यातील अनेक जिल्हा परिषदांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या, म्हणजे अधिकाऱ्यांच्याच, हाती राहिला.