रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

सीताबर्डीची टेकडी नागपुरांत कोणीं पाहिली नाहीं? परंतु तिच्या पोटांत काय आहे ह्याचा विचार फारच थोड्यांनीं केला असेल. तो ज्यांनीं केला, त्या हिस्लॉपसाहेबांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचा जन्म स्कॉटलंडांतील डन्स गांवीं ता. ८ सप्टेंबर १८१७ रोजीं झाला. १८४५ सालीं ते मिशनरी म्हणून नागपुरास आले व पुढील वर्षीं त्यांनीं शाळा काढिली. त्यांच्या नांवाचें कॉलेज मात्र त्यांच्या पश्चात्, १८८३ सालीं निघालें. गोंड लोकांविषयीं त्यांनीं जमविलेली माहितीहि १८६६ त, म्हणजे मरणोत्तरच, प्रसिद्ध झाली.

अध्यापनांतून उरलेला वेळ ते व त्यांचे सहकारी रेव्हरंड हंटर दगड शोधण्यांत घालवीत. टाकळी व सीताबर्डी येथें काळ्या खडकाच्या दोन थरांमध्यें त्यांस मातीचा पातळ थर आढळला. त्यांत गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे शंख, फळें व बिया दगड होऊन राहिल्या होत्या. येथें एके काळीं सरोवर होतें आणि त्यावर तप्त लाव्हारस पसरला, हें त्यांनीं ओळखिलें. खालचा थर मागाहून आंत शिरला असें मात्र त्यांस वाटे. ह्यांत ते चुकले. तो थर आधींच निवाला होता व त्याच्याच पाठीवर सरोवर झालें, असें पुढें ठरलें. हा काळ सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा.

१८६० च्या निबंधांत त्यांनीं राजमहेंद्रीकडील शंखांचें वर्णन केलें. ते खाडीच्या मचूळ पाण्यांतील निघाले. म्हणजे लाव्हा तेथें समुद्रकांठाशीं पोंचला होता! आजचे शास्त्रज्ञ तर तो पश्चिमेकडून सुमारें १००० किलोमीटर वाहत आला असें मानितात. असा रस समुद्रास भिडला कीं वाफेचे लोट उठतात आणि त्याचा पृष्ठभाग तत्क्षणीं गोठून कांचेसारखा तडकतो. पाण्याखालीं तर तो लोडतक्क्यांसारखे गोळे होऊन बाहेर पडतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें सीताबर्डीवर शोधूं नये. तेथें सरोवर होतें, समुद्र नव्हता. शिवाय टेकडीवर किल्ला असल्यामुळें वाटेल तेव्हां जातांहि येत नाहीं.

ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून हिस्लॉपसाहेब घोड्यावरून परतत होते. वाटेंतील ओढ्यास पूर आला होता. त्यांत ते बुडाले. वयास ४६ वर्षें पुरीं होण्यास चार दिवस उरले होते.