नांगर कोणासाठी?

शेतकरी नव्या अवजाराला नाके मुरडतो, अशी तक्रार कारखानदारीच्या जगात जुनीच आहे. ही तक्रार करणाऱ्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र एकवार डोळ्यांखालून घालावे.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे 20 जून 1869 रोजी त्यांचा जन्म झाला. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु रंग ओळखण्यात डोळे दगा देतात हे ध्यानी येताच ते यांत्रिक रेखांकनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते तोच विषय शिकवू लागले. पुढे बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि बंधू रामूअण्णांसह बेळगावात सायकलींच्या दुकानात लक्ष घातले. सायकल ही मात्र शहरातल्या मूठभरांची हौस होती. लक्ष्मणरावांची दृष्टी गेली ती भोवतालच्या शेतीकडे. कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यामागोमाग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर त्यांनी सिद्ध केला.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक येईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा समज रूढ होता. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. या समजाला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. न्याय्य मात्र नव्हे. ज्याचे सारे वर्ष एका हंगामावर तोललेले असते, त्याला प्रयोग परवडत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार-लोहार बलुत्यावर तो दुरुस्त करून देई. लोखंडी नांगराचा भाग तुटला तर जावे कोठे? तो ओढण्यास बैल किती लागतील? शेतकऱ्याच्या नकारात हे हिशेब दडलेले असतात. ते जाणून घेणे हेच कोणत्याही वस्तूच्या आराखड्याचे पहिले कलम असावयास हवे.

लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष देऊन धंदा बदलला नाही. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या अधिपतींच्या साह्याने 1910 मध्ये कुंडलच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथून नांगरांबरोबर उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पुढे पाणी उपसणारे पंप बाहेर पडले. प्रत्येक वस्तूचा उगम शेतकऱ्याच्या कष्टात होता. 26 सप्टेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा लोखंडी नांगर हे नवल उरले नव्हते.

या चरित्राचा धडा नांदेड-लातूरला विशेष लागू पडतो. गोदावरी आणि मांजरा खोऱ्यांतील काळ्या जमिनीत हराळी आणि कुंदा खोलवर मुळे रोवतात. लाकडी नांगर ती नुसती खरवडतो, लोखंडी नांगर माती उलथून त्यांना उन्हात आणतो. ज्याच्या दारी एकच बैलजोडी, त्याला मात्र सावड केल्यावाचून असा जड नांगर चालविणे अवघड. म्हणजे अवजाराचे मोल केवळ त्याच्या कामात नसते. ते वापरणाऱ्याच्या ऐपतीतही असते.

आज येथे सोयाबीनचे राज्य आहे आणि बैलाची जागा भाड्याच्या ट्रॅक्टरने घेतली आहे. प्रश्न मात्र तेच आहेत. काढणीच्या वेळी पाऊस झाला तर चिखलात यंत्र रुतेल काय? दोन एकरांच्या तुकड्यात ते वळेल काय? बिघडल्यास सुटा भाग तालुक्याला मिळेल काय? निंदणी-खुरपणी आणि कापूसवेचणी बहुतांशी बायाच करतात. मग अवजाराची मूठ पुरुषाच्या हाताच्या मापाने का घडवावी? अनुदानाच्या यादीत बसणारे अवजार शेतात बसेलच असे नाही. अनुदान एकदा मिळते. बिघाडाचा भुर्दंड दर हंगामाला पडतो.

रेखांकनाच्या फळीवर बसण्यापूर्वी कारखानदाराने बांधावर बसावे. पहिल्या नांगराने दोन वर्षे वाट पाहिली. आजच्या कर्जबाजारी शेतकऱ्याजवळ तेवढा अवधी नाही.