कॅमेऱ्यामागचा कैदी

कुर्ट गेरॉन याचा जन्म ११ मे १८९७ रोजी बर्लिनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धात तो जर्मनीसाठी लढला व गंभीर जखमी झाला. पुढे वैद्यकीचे शिक्षण सोडून तो रंगभूमीकडे वळला. १९२८ साली ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'च्या पहिल्या प्रयोगात तो गायिला. १९३० च्या 'द ब्लू एंजल'मध्ये जादूगार झाला. या स्थूल देहाच्या नटाने अवघ्या जर्मनीला हसविले.

पण देशासाठी सांडलेले रक्त त्याच्या कामी आले नाही. युद्धातील पराभव आणि बेकारी यांचे खापर नाझींनी ज्यूंच्या माथी फोडले. १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच गेरॉनला स्टुडिओची दारे बंद झाली. तो पॅरिसला व तेथून हॉलंडला गेला. १९४० साली जर्मन फौजा तेथेही पोचल्या. त्याच वर्षीच्या एका नाझी प्रचारपटात त्याच्या जुन्या भूमिकांचे तुकडे जोडून ज्यू किती ओंगळ असतात, हे प्रेक्षकांच्या मनावर ठसविण्यात आले. नटाचे सोंग पुरावा ठरले!

१९४३ मध्ये त्याला वेस्टरबोर्कच्या छावणीत डांबले. फेब्रुवारी १९४४ मध्ये तेरेझिनला नेले. तेथे उपासमार व रोगराई होती. तरीही ज्यू तेथे सुखात आहेत, असे जगाला दाखविणारा चित्रपट काढण्याचे काम नाझींनी कैदी गेरॉनवरच सोपविले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पहारेकऱ्यांच्या देखत, त्याने फुटबॉलचा सामना, वाचनालय, संगीताची मैफल टिपली. चित्रीकरण संपले आणि सप्टेंबरअखेरपासून महिनाभरात सुमारे अठरा हजार कैदी ऑशविट्झला रवाना झाले. २८ ऑक्टोबरच्या शेवटच्या गाडीत गेरॉन व त्याची पत्नी ओल्गा होती. तेथे पोचताच गेरॉनला ठार मारण्यात आले.

त्याने हे काम पत्करले म्हणून काही जण त्याला दोष देतात. पण डोक्यावर मरण टांगलेले असताना नकार द्यायला हवा होता, असे सुरक्षित घरात बसून आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? दोष द्यायचाच तर आधी त्या प्रेक्षकांना द्यावा, ज्यांनी १९४० साली पडद्यावर दिसले ते खरे मानले आणि काल ज्याच्यासाठी टाळ्या वाजविल्या त्याला आज शत्रू समजून मान फिरविली.

तेरेझिनच्या चित्रपटाचे आता काही तुकडेच उरले आहेत. त्यांत मुले लोणी लावलेला पाव खाताना दिसतात. तो पाहताना आपण एवढेच विचारावे : कॅमेरा बंद झाल्यावर या मुलांचे काय झाले?