तीन इंच कापलेली बॅट

डॉन ब्रॅडमन यांचे चरित्र सांगताना साधारणतः 99.94 या सरासरीपासून सुरुवात केली जाते. ज्यांच्या घरात सात-आठ वर्षांचे मूल आहे आणि उन्हाळी शिबिराचा अर्ज टेबलावर पडलेला आहे, त्यांनी मात्र या चरित्राची पहिली पाने अधिक सावकाश वाचावीत.

ब्रॅडमन यांचा जन्म 27 ऑगस्ट 1908 रोजी न्यू साउथ वेल्समधील कूटामुंड्रा येथे झाला. पाच भावंडांत ते धाकटे. ते अडीच-तीन वर्षांचे असताना कुटुंब सिडनीपासून सव्वाशे किलोमीटरवरच्या बाउरल या गावी राहायला आले. वडील जॉर्ज सुतारकाम करीत. घर साधे, मिळकत बेताची. परसात पावसाचे पाणी साठवण्याची एक मोठी टाकी होती आणि ती विटांच्या गोल चौथऱ्यावर बसवलेली होती. आसपास समवयस्क मुले फारशी नसल्याने हा मुलगा एका हातात स्टंप घेऊन दुसऱ्या हाताने त्या चौथऱ्यावर गोल्फचा चेंडू फेकी. विटांवर आपटून चेंडू कोणत्या कोनातून आणि किती वेगाने परत येईल, याचा नेम नसे. तो त्या बारीक दांडक्याने टोलवायचा. मनातल्या मनात तो सगळा कसोटी सामना रंगवी. दोन्ही संघ त्याचे, फलंदाजही तोच आणि पंचही तोच.

नजर आणि पदलालित्य यांचा याहून कठोर सराव एखाद्या अकादमीलाही आखता आला नसता, असे पुढे अनेकांनी लिहिले. ते खरेही आहे. पण तो सराव आहे, हे त्या घरात कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. आई स्वयंपाकघरात, वडील कामावर आणि मुलगा परसात. भिंतीवर चेंडू आपटत राहिल्याचा आवाज तासन् तास सहन करणे, हे त्या माउलीचे क्रिकेटला पहिले योगदान मानले पाहिजे! दुसरे योगदान असे, की शाळा सुटल्यावर सवड मिळेल तेव्हा एमिली ब्रॅडमन स्वतः परसात उभ्या राहून मुलाला डावखुरी गोलंदाजी टाकीत.

डॉनचे मामा जॉर्ज व्हॉटमन हे बाउरल संघाचे कर्णधार होते आणि डॉन त्या संघाचा गुणलेखक. ऑक्टोबर 1920 मध्ये एक खेळाडू कमी पडला, तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला आयत्या वेळी मैदानात उतरवण्यात आले. बॅट मोठ्यांच्या मापाची, जवळजवळ छातीपर्यंत येणारी. तरी तो 37 धावा काढून नाबाद राहिला. कौतुकाने संघातील एकाने आपली जुनी, तडा गेलेली बॅट त्याला देऊन टाकली. वडिलांनी ती घरी नेली आणि करवत घेऊन खालून तीन इंच कापली.

मुलाने बॅटीच्या मापाचे व्हावे म्हणून घाई करण्याऐवजी बॅटच मुलाच्या मापाची करावी, हे त्या सुताराला सहज सुचले. आपल्याकडे रविवारी सकाळी शिवाजी पार्कवर मुलाच्या खांद्यावरचे किट त्याच्याहून थोराड दिसते आणि कडेला उभ्या वडिलांचा चेहरा मुलापेक्षा अधिक ताणलेला असतो. तिथे ही करवत आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याच सुमारास शाळेच्या सामन्यात डॉनने मिटागाँगविरुद्ध नाबाद 115 धावा केल्या. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी साऱ्या मुलांसमोर शतकाचा उल्लेख केला खरा, पण शतक काढले म्हणून शाळेची बॅट मैदानावर विसरून यावी असे नाही, अशी समजही त्याच दमात दिली. 1921 च्या प्रारंभी वडील त्याला सिडनीला घेऊन गेले. इंग्लंडविरुद्धच्या पाचव्या कसोटीत चार्ली मॅकार्टनी यांनी काढलेल्या 170 धावा त्याने तिथे पाहिल्या. याच मैदानावर खेळल्याखेरीज आपले समाधान होणार नाही, असे मुलाने वडिलांना सांगितले. वडिलांनी ते ऐकून घेतले. त्यासाठी त्यांनी कोणतीही योजना आखली नाही.

पुढे जे घडले ते आजच्या पालकाची झोप उडवणारे आहे. 1922 मध्ये शाळा सोडून डॉन गावातल्या जमीन-घरांचे व्यवहार करणाऱ्या कचेरीत कामाला लागला आणि क्रिकेट बाजूला ठेवून टेनिसच्या मागे लागला. एक ना दोन, चांगली दोन वर्षे! बाराव्या वर्षी शतक काढणारा मुलगा चौदाव्या वर्षी बॅट ठेवून रॅकेट उचलतो, हे आज किती घरांत शांतपणे घेतले जाईल? बाउरलमध्ये त्यावर काहूर उठले नाही. 1925-26 च्या हंगामात तो आपण होऊन क्रिकेटकडे परतला. मॉस व्हेलविरुद्धच्या अंतिम सामन्यात शतक काढलेस तर नवी बॅट देईन, असे आईने सांगितले होते. त्याने 300 धावा काढून तीन बॅटींवर हक्क सांगितला. आईने तो दावा फेटाळला, मिळाली एकच.

नंतरची कथा सर्वश्रुत आहे. डिसेंबर 1927 मध्ये ॲडलेडला प्रथम श्रेणी पदार्पणात 118; पहिल्याच कसोटीत 18 आणि 1 धावा करून पुढच्या सामन्यातून वगळला जाणे; 1930 मध्ये लीड्सला 334 आणि त्या मालिकेत 974 धावा; 1948 मध्ये ओव्हलवरचा तो शून्य. सिडनीत आल्यावर त्यांची बॅट धरण्याची पद्धत बदलावी, असे सल्ले अनेकांनी दिले. त्यांनी ते मानले नाहीत. रीतसर शिक्षण त्यांनी कधी घेतलेच नव्हते. 1958 च्या ‘द आर्ट ऑफ क्रिकेट’ या ग्रंथात प्रशिक्षकाने खेळाडूची उपजत वृत्ती दडपू नये, असे त्यांनी बजावले, ते या अनुभवातूनच.

स्वतःच्या घरात मात्र त्यांची कसोटी अवघड निघाली. जेसी आणि डॉन यांचे पहिले मूल 1936 मध्ये जन्मानंतर लगेच गेले. 1939 मध्ये जॉन जन्मला. शाळकरी वयात त्याला पोलिओने गाठले. त्यातून बरा होऊन तो अडथळ्यांच्या शर्यतीत चमकला. बाउरलच्या त्या मुलाला मोकळे परस मिळाले होते. या मुलाच्या परसावर साऱ्या देशाची नजर होती. तो बॅट घेऊन उभा राहिला की पाहणारे त्याच्यात डॉनलाच शोधत. घरातून दडपण आणले नाही, तरी आडनावाचे ओझे उतरवून ठेवता येत नाही.

1972 मध्ये, कायद्याचे अध्यापन करणाऱ्या जॉन यांनी आडनाव बदलून ‘ब्रॅडसन’ असे घेतले. आपण जणू काचेआड मांडलेली वस्तू झालो आहोत, अशी त्यांची भावना होती. वडिलांना ते लागले. जवळजवळ तीन दशके हे आडनाव तसेच राहिले. 25 फेब्रुवारी 2001 रोजी सर डॉन यांचे निधन झाले, त्याच्या थोडे आधी मुलाने पुन्हा ‘ब्रॅडमन’ हे नाव स्वीकारले होते.