सरखेल तुळाजी आंग्रे आणि विजयदुर्गच्या खाडीत बुडालेले आरमार

निपाणीहून राधानगरी, फोंडा घाट, नांदगाव करत खाली उतरणारा रस्ता थेट देवगडच्या समुद्राला जाऊन भिडतो. त्याचे नावच देवगड-निपाणी राज्यमार्ग. बेळगावकरांना आंबोलीचा घाट जवळचा, पण कोकणात उतरले की सगळ्यांची पावले एकदा तरी विजयदुर्गाकडे वळतातच. तिहेरी तटबंदी पाहायची, बुरुजावर उभे राहून फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत फिरायचे, असा आपला शिरस्ता. किल्ल्याच्या मागच्या बाजूला वाघोटणची खाडी संथ पसरलेली असते. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी मराठ्यांचे एक मोठे आरमार त्या खाडीत एका संध्याकाळी जळून तळाला गेले. त्या आरमाराचे धनी होते सरखेल तुळाजी आंग्रे. गणेशोत्सवात आपण पूर्वजांचे पराक्रम आठवतो. तुळाजींच्या आयुष्यात पराक्रम आहे आणि घरभेदाची शोकांतिकाही आहे.

तुळाजी हे कान्होजी आंग्र्यांचे पुत्र. कान्होजी आधी ताराराणींच्या पक्षाचे. त्या पक्षाचीच गादी पुढे कोल्हापूरची झाली, म्हणजे आपल्या सीमाभागाला हे घराणे परके नाही. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांकडे आले आणि सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, म्हणून कायम झाले. किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने आंग्र्यांचे दस्तक घ्यावे, नाहीतर जप्तीला तयार राहावे, हा त्यांचा नियम होता. पोर्तुगीज तर याच समुद्रावर दोनशे वर्षे असेच परवाने विकत आले होते. पण मुंबईकर इंग्रजांनी दस्तक मागणाऱ्या आंग्र्यांनाच चाचे ठरवले आणि तो शब्द पुढे आपल्याही काही पुस्तकांत शिरला.

१७२९ साली कान्होजी वारले. थोरले सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि संभाजी व मानाजी या भावांत वाटणीचा तंटा पेटला. बाजीराव पेशव्यांनी तोड काढली ती घर दुभंगणारीच: मानाजींना कुलाबा, संभाजींना दक्षिणेकडचे किल्ले आणि सरखेली. एका आरमाराची दोन आरमारे झाली. संभाजी १७४२ मध्ये वारले आणि दक्षिणेकडच्या वाट्याची सूत्रे तुळाजींच्या हाती आली. सरखेलीची वस्त्रे देताना शाहू महाराजांनी अट घातली होती की सिद्दीच्या ताब्यातले अंजनवेल आणि गोवळकोट घेऊन दाखवावेत. तुळाजींनी १७४५ मध्ये दोन्ही घेतले.

त्यानंतरची दहा वर्षे तुळाजींची. बाणकोटपासून सावंतवाडीच्या हद्दीपर्यंतचा किनारा त्यांच्या धाकात होता. बळ दोन प्रकारच्या जहाजांत होते. गुराब हे दोन-तीन डोलकाठ्यांचे तोफांचे जहाज, तळ उथळ, त्यामुळे खाडीत सहज शिरणारे. गलबत त्याहून हलके आणि चपळ, वारा पडला तरी चाळीस-पन्नास वल्ह्यांवर धावणारे. वारा पडला की युरोपीय जहाज जागीच खिळायचे. मग गलबतांनी गुराबा ओढत मागून यायचे आणि तोफा डागायच्या, ही आंग्र्यांची जुनी युक्ती. १७४९ साली इंग्रजांचे ‘रिस्टोरेशन’ हे लढाऊ जहाज तुळाजींनी पकडून आणले. १७५४ च्या आरंभी डचांच्या तीन जहाजांवर त्यांनी झडप घातली, दोन जाळली आणि तिसरे ताब्यात घेतले. या जहाजांचे लाकूड सह्याद्रीच्या जंगलातले आणि बांधणारे हात कोकणातले. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात कोरलेली गोदी आजही पाहायला मिळते.

तुळाजींच्या स्वभावात मात्र तडजोड नव्हती. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज गेले आणि कारभार पूर्णपणे नानासाहेब पेशव्यांच्या हाती आला. सरखेली छत्रपतींनी दिलेली, तेव्हा पेशव्यांना कसला हिशेब द्यायचा, अशी तुळाजींची भूमिका. त्यांनी खंडणी थकवली, शेजारच्या सावंतांशी झगडा मांडला, पेशव्यांच्या मुलखातही हात घातला. कोकणातल्या लोकांना त्यांचा जाच झाला, हेही सांगायलाच हवे. पेशव्यांची तक्रार निराधार नव्हती. घरातल्या भांडणाला त्यांनी शोधलेला पंच मात्र चुकीचा होता.

मार्च १७५५ मध्ये पेशव्यांतर्फे मुंबईकर इंग्रजांशी तह झाला. कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांनी जमिनीवरून चालून जायचे आणि इंग्रजांनी समुद्रावरून, असा बेत ठरला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने बेटावरचा सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी ॲडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह ही मोठी जोडी मुंबईत होती. ७ फेब्रुवारी १७५६ रोजी त्यांचा ताफा निघाला आणि ११ तारखेला विजयदुर्गासमोर आला. पेशवे स्वतः त्या साली आपल्याच बाजूला, सावनूरच्या मोहिमेत गुंतले होते.

तुळाजी त्या वेळी किल्ल्यात नव्हते. मराठ्यांशी समझोता व्हावा म्हणून ते पेशव्यांच्या छावणीत गेले होते. किल्ला मेहुण्याच्या हवाली होता; आत तुळाजींची आई, बायका आणि मुले होती. बोलणी यशस्वी झाली असती तर किल्ला पेशव्यांना मिळाला असता आणि इंग्रजांच्या हाती काहीच लागले नसते. म्हणून वॉटसनने वाट न पाहता १२ तारखेला दुपारी खाडीत जहाजे घातली. खाडीत तुळाजींचे आरमार एकमेकांना बांधून उभे होते. एक तोफगोळा नेमका ‘रिस्टोरेशन’वर पडला. त्याने पेट घेतला, दोर जळाले आणि आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली. गुराबा, गलबते आणि बांधणीतली मोठी जहाजे, सारे रात्रीपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. सापडलेला सुमारे दहा लाखांचा ऐवज इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला. दोस्त म्हणवणाऱ्या पेशव्यांना त्यात वाटा नव्हता. किल्लाही त्यांनी लगेच सोडला नाही. ऑक्टोबरमध्ये बाणकोट आणि आसपासची गावे पदरात पाडून घेतल्यावरच तो पेशव्यांना परत दिला.

तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेत गेले आणि कैदेतच ते वारले. त्यांच्या दोन मुलांनी पुढे तुरुंगातून निसटून मुंबईत इंग्रजांचाच आसरा घेतला. नियतीचा खेळ म्हणायचा तो असा. तिकडे वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालकडे निघाले आणि दीड वर्षाच्या आत, जून १७५७ मध्ये, प्लासीची लढाई झाली. मराठ्यांचे आरमार अगदीच संपले असे नाही. विजयदुर्गाला आनंदराव धुळपांनी पेशव्यांचे आरमार सांभाळले आणि १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडून दाखवले. पण पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना दस्तक घ्यायला लावील असे बळ पुन्हा उभे राहिले नाही.

आता प्रश्न येतो की जळालेल्या आरमाराचे पाण्याखाली काय उरते? उत्तर ऐकून नवल वाटेल: बरेच काही. लाकडी जहाज पाण्याच्या रेषेपर्यंत जळते. खालचा भाग बुडतो आणि त्याच्यावर भाराचे दगड, तोफा, गोळे, नांगर येऊन बसतात. उघडे सागवानसुद्धा समुद्रातली कीड पोखरते. पण गाळाखाली गाडलेले लाकूड हवा न मिळाल्याने टिकते आणि कोळसा झालेल्या लाकडाला कीड लागत नाही. म्हणून जळालेले जहाज शोधणारे आधी शोधतात तो दगडांचा ढिगारा.

हा शोध सोनार नावाच्या यंत्राने होतो. आपल्या पेठेतला सोनार सोने कसाला लावून पारखतो, तर हे यंत्र आवाजाने तळ पारखते. माशाच्या आकाराचे उपकरण बोटीमागून दोराने ओढत नेतात. ते दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सोडते. तळावर आपटून परत येणाऱ्या लहरींतून पडद्यावर चित्र उमटते. उंचवट्याच्या मागे सावली पडते आणि त्या सावलीवरून खडक कुठला, तोफ कुठली याचा अंदाज बांधतात. गाळात गाडलेले लोखंड चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राला कळते. मग पाणबुडे उतरतात. पावसाळ्यात कोकणच्या खाड्या नद्यांच्या गाळाने लाल होतात, म्हणून कामाला दिवस मिळतात ते हिवाळ्या-उन्हाळ्याचे. तेव्हाही पाणी इतके गढूळ असते की कित्येकदा हाताने चाचपडूनच मोजमाप घ्यावे लागते. वस्तू वर काढण्याआधी ती कुठे, कशी पडली होती हे काढून घेतात, कारण जागा हरवली की इतिहासही हरवतो.

हे काम आपल्यापासून फार लांब चालत नाही. गोव्यात दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे आणि डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली तिथे सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले. गोव्याच्या किनाऱ्याजवळ सुंची नावाच्या खडकापाशी संस्थेच्या पाणबुड्यांना सतराव्या शतकाच्या आरंभीचे फुटलेले पोर्तुगीज जहाज मिळाले. त्यात तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी होती. लक्षद्वीपच्या मिनिकॉय आणि सुहेली बेटांभोवतीही बुडालेल्या जहाजांचा शोध झाला. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग या परिसरांतून दगडी नांगर मिळाले. विजयदुर्गासमोर पाण्याखाली सुमारे १२२ मीटर लांबीची भिंत आहे. शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत, असे कोकणातले जाणते सांगत आले आहेत.

वाघोटणच्या गाळातून उद्या तुळाजींच्या गुराबांचे भाराचे दगड आणि तोफा पाहायला मिळाल्या, तर त्यांतून पुष्कळ कळेल. गुराबांची लांबी-रुंदी, लाकडाचे सांधे, तोफा कुठल्या कारखान्यातल्या, हे कागदांत तपशिलाने सापडत नाही. आणि तुळाजींबद्दलचे जे कागद आपण वाचतो, त्यांतले पुष्कळसे त्यांच्या शत्रूंनी लिहिलेले आहेत. गाळात पडलेले लाकूड कोणाची बाजू घेत नाही. खाडीत गाळ उपसताना, जेटी बांधताना किंवा जाळ्यात एखादी जुनी वस्तू आल्यावर ती भंगारात न घालता पुरातत्त्व खात्याला कळवली, तर तेवढ्यानेही हा ठेवा राखता येईल. कोकणात ज्यांचे पाहुणे-सोयरे आहेत त्यांनी हा निरोप जरूर पोचवावा.

तुळाजींचा हट्ट आणि पेशव्यांचा राग, दोघांचीही कारणे त्यांच्यापुरती खरी होती. नुकसान झाले ते मात्र दोघांचेही आणि पुढच्या साऱ्या पिढ्यांचे. सीमेवर राहून एकमेकांना धरून राहण्याचे मोल आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन फोंडा घाट उतराल, तेव्हा बुरुजांबरोबर मागची खाडीही त्यांना दाखवा. किल्ला जिंकला की हरला एवढ्यावर गोष्ट थांबवू नका. तुळाजी बोलणी करायला आपल्याच माणसांच्या छावणीत गेले होते आणि त्या बोलण्यांचा निकाल लागण्याआधी तिसऱ्याने आग लावली, हेही त्यांना सांगा.